‘आणि’ऐवजी ‘किंवा’ वाचावे

४ फेब्रुवारी

पंडित,

दिवसभर लोकांच्या चुका काढून पोट भरणारी मी, पण तुला पत्र लिहायचं म्हटलं की हात आखडतो. उलट टपाली माझ्याच ऱ्हस्व-दीर्घाची यादी येईल अशी धास्ती. या खेपेला तेवढी मेहेरबानी कर. काम आहे.

आमच्याकडे बागांचा नवा कायदा लागू झालाय. सार्वजनिक बागेतलं पान तोडलं तरी पाचशे दंड आणि सहा महिने कैद, झाड पाडलं तरी तेच. राजपत्र आमच्याच सरकारी छापखान्यात छापलं गेलं. काल वर्तमानपत्राच्या अग्रलेखात या कायद्याला ‘ड्रेकोनियन’ म्हटलंय. त्यावर खात्यात दिवसभर खल झाला. बाइंडिंगवाल्यांच्या मते हे एखाद्या जंतुनाशकाचं नाव. मशीनवाले म्हणाले, छे, जुन्या छपाईयंत्राची कंपनी असणार. अधीक्षकांनी सगळं समजल्यासारखी मान हलवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी म्हटलं, माझा चुलतभाऊ शब्दकोशाच्या कचेरीत शब्दांच्या वंशावळी काढत बसलेला असतो, त्याला विचारते. तर हा शब्द कुठला, त्याचा नेमका अर्थ काय, आणि आपल्या भाषेत त्याला काय म्हणतात ते सविस्तर लिही.

या कायद्याखाली पहिला माणूस पकडलाही गेला. शाळेच्या प्रयोगशाळेत काम करतो, काचेच्या नळ्या धुणं, स्पिरिटचे दिवे भरणं वगैरे. मुलांनी बुटांच्या खोक्यात रेशीमकिडे पाळलेत. सुट्टीत त्यांचा पाला संपला, म्हणून हा बागेत गेला आणि पिशवीभर तुतीची पानं तोडून घेतली. एका दिवसात लोकांनी त्याचं नाव तुतीवाला पाडलं.

तुझे अण्णा ठीक आहेत. तीस एप्रिलला निवृत्त होणार, त्याच्या तयारीला आतापासूनच लागलेत. कामाची पद्धत तीच. ते मूळ प्रत मोठ्याने वाचतात, मी प्रुफावर नजर ठेवते. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं म्हणून दाखवतात. चौतीस वर्षं हेच केल्यामुळे घरीही तसंच बोलतात. परवा मला म्हणाले, आमटीत मीठ नाही पूर्णविराम.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या पत्रात एकच चूक सापडली आणि ती मी मोठ्या मनाने गिळली. ‘खल झाला’ वाचून मात्र बरं वाटलं. सरकारी नोकरांनी एका शब्दावर दिवस घालवला, ही देशाच्या प्रगतीची खूण आहे.

आता ऐक. सव्वीसशे वर्षांपूर्वी अथेन्समध्ये ड्रेको नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. नावाचा अर्थ मोठा साप, अजगर म्हण हवं तर. त्याच्या आधी तिथे लिहिलेला कायदा नव्हता. मोठ्या घरांतले चारदोन लोक कायदा डोक्यात ठेवायचे आणि सोयीप्रमाणे बाहेर काढायचे. लोक कुरकुरायला लागले, की आम्हाला काय ते लिहून द्या. ड्रेकोने लिहून दिलं. ज्याला वाचता येईल त्याने यावं आणि वाचावं. इथवर सगळं उत्तम. पण लोकांनी वाचलं तेव्हा कळलं की बहुतेक गुन्ह्यांना शिक्षा एकच, मरणाची. खून केला तरी मरण, कोणाच्या वाफ्यातला भाजीचा गड्डा उपटला तरी मरण. त्याला म्हणे कोणी विचारलं, हे काय? तो म्हणाला, लहान गुन्ह्याला ही शिक्षा योग्यच आहे, मोठ्याला याहून मोठी मला सुचली नाही. पुढे कोणीतरी गमतीने म्हटलं की त्याने शाईच्या जागी रक्त वापरलं. यातलं खरं किती, मागाहून चिकटलेलं किती, सांगता येत नाही. पण त्याचं नाव त्या शब्दात अडकलं ते अडकलंच. पहिल्यांदा लिहून दिल्याचं श्रेय कोणी देत नाही बिचाऱ्याला.

आपल्याकडे याला अगदी जोडीचा शब्द नाही. ‘जुलमी’ आहे, पण जुलूम करायला कोणीतरी दुष्ट माणूस लागतो. ‘काळा कायदा’ ही सभेतली भाषा. मला ‘जाचक’ जवळचा वाटतो. जाच रोज थोडा थोडा होतो आणि करणाऱ्याला आपण काही करतोय असं वाटतही नाही. गंमत म्हणून सांगतो, ‘कायदा’ आणि ‘जुलूम’ हे दोन्ही शब्द आपल्याकडे अरबीतून आले. एकाच गाडीने आले असावेत.

अण्णांचं पत्र आलं होतं. अक्षरं बोराएवढी, पानावर जेमतेम सहा ओळी. म्हटलं निवृत्तीची ऐट आली. आता कागद सरकारी मिळणार नाही, जरा जपून वापरा म्हणून सांग.

तुझा,
पंडित

२७ फेब्रुवारी

पंडित,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. खात्यात वाचून दाखवलं तेव्हा ते एकाच गाडीचं सगळ्यांना फार आवडलं. मला ते दुसरंच लागून राहिलंय, लोकांनीच म्हटलं होतं लिहून द्या ते. म्हणजे तो आमच्याच धंद्यातला माणूस. एकदा लिहिलेलं पक्कं होतं हे त्याला माहीत असणार.

तुतीवाल्याला शिक्षा झाली. न्यायाधीश म्हणाले म्हणे, पिशवीभर पानांना सहा महिने हे मलाही पटत नाही, पण कायद्यात दंड आणि कैद असं आहे, मला निवडीला जागाच नाही. मंत्र्यांना पत्रकारांनी विचारलं तर ते म्हणाले, आमचं सरकार कणखर आहे. दुसऱ्या दिवशी सगळीकडे ‘कणखर’ हाच शब्द. अशी आणखी चार माणसं आत गेलीत. एका आजोबांनी काठी तोडली होती.

एक विचारायचं होतं. कंपोझिंगमधली माझी एक मैत्रीण पेचात आहे. तिच्या कामात एक चूक झालीय, तिची आणि एका वयस्कर सहकाऱ्याची मिळून. चूक सांगितली तर त्या माणसाची चौकशी होईल, पेन्शन अडकेल. तो दोन महिन्यांत निवृत्त होणार आहे. सांगितली नाही तर तिसऱ्याच कोणाची थोडी गैरसोय होत राहील. तिचं म्हणणं, दोन महिने थांबावं, त्याला सुखाने घरी जाऊ द्यावं, मग सांगावं. तू काय म्हणतोस? तुला माणसांपेक्षा शब्द जास्त कळतात हे मी तिला सांगितलंय, तरी ती म्हणाली विचार.

अण्णाकाकांना तुझा निरोप सांगितला. हसले. कागद जपून वापरतो म्हणाले.

ताई

६ मार्च

ताई,

तुझी मैत्रीण फारच सरळ बाई दिसते. सरकारी कचेरीतल्या चुका अशा मनाला लावून घेतल्या तर माणूस एक दिवस नोकरी करू शकणार नाही. तो वयस्कर सहकारी म्हणजे तुमचे ते फोरमन ना, रजेचे अर्ज मागाहून लिहिणारे? पत्र वाचून मी पुरतं ओळखलंय. तिला सांग, थांब. दोन महिन्यांत आकाश कोसळत नाही. एका माणसाची चौतीस-पस्तीस वर्षं एका बाजूला आणि कोणाची तरी थोडी गैरसोय दुसऱ्या बाजूला, यात विचारण्यासारखं काय आहे? ज्याची गैरसोय होतेय तो दोन महिने सोसेल. सोसण्याची आपल्याला सवय असते.

आमच्याकडे ‘जाचक’ची नोंद नव्याने लिहायची आहे. उदाहरणाला तुमच्या कायद्याचं वाक्य घेतलंय. ‘बागेतले पान तोडणाऱ्यास कैद देणारा हा जाचक कायदा लोकांच्या चेष्टेचा विषय झाला.’ मुख्य संपादकांनी ‘चेष्टेचा’खाली रेघ मारून प्रश्नचिन्ह केलंय. त्यांना विनोदाचं वावडं आहे. तुझं मत कळव.

पंडित

९ मार्च

पंडित,

पत्र मिळालं. मैत्रिणीला सांगितलं. ती थांबतेय.

वाक्याबद्दल मला काही सुचत नाही. तुझे संपादक म्हणतात तसं कर.

ताई

१२ एप्रिल

ताई,

महिना उलटून गेला, तुझं पत्र नाही. मी दोन पाठवली, त्यांचंही उत्तर नाही. अण्णांचं एक आलं, तेही चार ओळींचं. रुसली असशील तर कशावर ते तरी कळव.

आज सकाळी कचेरीत येताना वर्तमानपत्र घेतलं आणि त्यात तुमच्या तुतीवाल्याची बातमी. तुरुंगाच्या दवाखान्यात वारला. आधी साधा खोकला होता, मग न्यूमोनिया, दहा दिवसांत आटोपलं. बेचाळीस वर्षांचा होता. मागे बायको आणि दोन मुली. मी जिन्यातच उभा राहून वाचलं. खरं सांगतो, मला माझी लाज वाटली. मी त्या माणसावर चेष्टेचं वाक्य लिहून ठेवलं होतं. वर जाऊन पहिलं काम केलं ते ‘जाचक’च्या नोंदीच्या कार्डाचे दोन तुकडे केले.

पण त्याच बातमीत खाली एक मजकूर आहे, तो तू पाहिलास का? त्याच्या वकिलाचं म्हणणं असं, की सभागृहात हे कलम मंजूर झालं त्या दिवशी आपण प्रेक्षकांत बसलो होतो, तिथे शेवटच्या घटकेला दुरुस्ती झाली आणि ‘दंड किंवा कैद’ असं ठरलं. छापील राजपत्रात ‘दंड आणि कैद’ आहे. सरकार म्हणतं, छापलंय तेच प्रमाण. म्हणजे चूक छपाईतली असू शकते. ताई, ही तुमच्याकडची गोष्ट आहे, तुझ्या कानावर आलीच असेल. कोणी वाचलं होतं हे प्रूफ? कोण हा महाभाग, ज्याला ‘आणि’ आणि ‘किंवा’ यांतला फरक दिसला नाही? आपण सगळे शब्दांवर जगतो, म्हणून मला याची जास्तच चीड येते. अशा माणसाला त्याच तुरुंगात सहा महिने ठेवायला हवं. निदान नोकरीवरून काढावं, पेन्शन बंद करावी, मग तो कितीही जुना असो. दयामाया दाखवण्याचं कारण नाही.

रागाच्या भरात लिहिलंय, पण खोडत नाही. उत्तर दे.

पंडित

१६ एप्रिल

पंडित,

ते प्रूफ मी वाचलं. मूळ प्रत अण्णाकाकांच्या हातात होती.

मैत्रीण वगैरे कोणी नाही. फोरमनचाही काही संबंध नाही. तुला आता सगळं नीट सांगते, मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुझ्या वडलांची नजर गेल्या वर्षभरात फार कमी झालीय. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू आहे, आणि डाव्यात त्याच्याही मागे काहीतरी आहे. निवृत्तीनंतर इलाज करू म्हणतात, कारण आत्ता केला तर खात्याला कळेल आणि वाचायच्या कामावरून काढतील. तुला कळू द्यायचं नाही अशी मला शपथ घातली होती. बोराएवढी अक्षरं ऐट म्हणून नाहीत रे. त्याहून बारीक लिहिलेलं त्यांचं त्यांना दिसत नाही.

टाइप केलेला मजकूर त्यांना अजून दिसतो. शिवाय कायद्याची भाषा त्यांना पाठ आहे, पहिला शब्द दिसला की पुढचे चार आपसूक येतात. त्या कलमात टाइप केलेल्या ‘आणि’वर एक बारीक रेघ होती आणि वर निळ्या शाईत, दोन ओळींच्या मध्ये, मुंगीएवढ्या अक्षरात ‘किंवा’ लिहिलं होतं. कंपोझिटरने ते पाहिलं नाही. अण्णाकाकांना ते दिसणं शक्यच नव्हतं. त्यांनी ‘दंड आणि कैद’ असं नेहमीच्या ठेक्यात वाचलं, माझ्यासमोर प्रुफात ‘आणि’ होतं, मी बरोबरची खूण केली.

इथवर चूक आहे. याच्यापुढे माझं आहे. आमच्याकडे नियम असा की दुसरं वाचन उलट करायचं, मी मूळ प्रत वाचायची आणि त्यांनी प्रूफ पाहायचं. तसं केलं असतं तर ते ‘किंवा’ माझ्या डोळ्यांना दिसलं असतं. पण प्रुफाचा बारीक टाइप त्यांना दिसत नाही म्हणून वर्षभर आम्ही दुसरं वाचन केलेलंच नाही. ‘दुसरे वाचन झाले’ असं लिहून दोघांच्या सह्या मीच घेत आलेय. या वेळीही घेतल्या.

तुतीवाला पकडला गेला त्या दिवशी मला उगाच शंका आली. मी कपाटातून मूळ प्रत काढली आणि ते निळं ‘किंवा’ दिसलं. ती तीन फेब्रुवारी. दुसऱ्या दिवशी तुला पत्र लिहिलं. ज्या शब्दाचा अर्थ विचारला तो माझ्याच कामाला वर्तमानपत्राने दिलेला होता. म्हटलं, आपण काय केलंय त्याला नाव तरी काय आहे ते कळावं. तू इतकं छान, हसत लिहिलंस.

तेव्हाच शुद्धिपत्र काढायला सांगितलं असतं तर तो खटला उभा राहायच्या आत सुटला असता. शिक्षा झाल्यावर सांगितलं असतं तरी सुटला असता. मी दिवस मोजत बसले. तीस एप्रिल झाला की एक मेला सांगायचं. कैदेत माणूस जेवतो, झोपतो, दोन महिन्यांनी घरी येईल, असं रोज स्वतःला सांगायचे. तो खोकत असेल हे माझ्या हिशेबात नव्हतं.

तू ‘थांब’ म्हणालास, पण तो दोष तुझा नाही. मी प्रश्नच खोटा विचारला होता. सहा महिन्यांच्या कैदेला ‘थोडी गैरसोय’ लिहिलं. तुला खरं विचारलं असतं तर तू खरं उत्तर दिलं असतंस.

अण्णाकाकांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांना अजून वाटतं, कायदाच तसा होता. बातमी आली तेव्हापासून तुतीवाल्यासाठी हळहळतायत. उद्या त्यांना सांगणार आहे.

ताई

२० एप्रिल

ताई,

काल दुपारी तुझं पत्र आलं. मी ते टेबलाखाली धरून वाचलं, शेजारच्याला दिसू नये म्हणून. मग बाहेर जाऊन पाणी प्यायलो आणि पुन्हा वाचलं.

आधी ते बारा तारखेचं पत्र फाडून टाक. अण्णांसमोर कधीही, कुठेही त्याचा उल्लेख करू नकोस. मी काय काय लिहून बसलो. माझ्या बापाला तुरुंगात घालायला निघालो होतो. आणि सहा ओळींचं पत्र हातात असून मला एवढंसुद्धा कळलं नाही की त्याला दिसत नाही. दिवसभर अक्षरं पाहण्याचा पगार घेतो मी.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. ड्रेकोचे बाकी सगळे कायदे पुढे रद्द झाले. एकच ठेवला, मनुष्यवधाचा. त्यात जाणूनबुजून केलेला वध आणि हातून चुकून झालेला वध वेगळे धरले होते. चुकून झालेल्याला मरण नव्हतं, देश सोडून जावं लागे, आणि मेलेल्याच्या घरच्यांनी सगळ्यांनी मिळून क्षमा केली तर परतही येता येई. ज्याचं नाव आपण कठोरपणाला दिलं त्यालासुद्धा एवढं कळत होतं. अण्णांच्या हातून चुकून झालं. तुझ्याही.

आता मनातलं लिहितो, रागावू नकोस. तुतीवाला गेला. कोणी काही कबूल केलं म्हणून तो परत येणार नाही. दहा दिवस उरलेत. एवढे थांबलीस तर आणखी दहा दिवस थांब. अण्णांना अजून सांगितलं नसशील तर सांगू नकोस. हार घालून घेऊ दे त्यांना, घरी येऊ दे, मी एक तारखेला तिथे पोचतो, मग आपण दोघं मिळून बघू. म्हाताऱ्या माणसाला या वयात चौकशीच्या खुर्चीत बसवू नकोस. मी हात जोडतो.

तुझा पंडित

३ मे

पंडित,

तुझं पत्र तेवीसला मिळालं. त्याआधीच सगळं होऊन गेलं होतं. उत्तर द्यायला उशीर केला, कारण तू येणार म्हणून वाट पाहत होते. तुझी तार आली की जमत नाही. समजलं. वडलांना तोंड दाखवायला अवघड वाटत असेल. ये मात्र, लवकर ये.

सतरा तारखेला सकाळी मी त्यांना सांगितलं. ते दाढी करत होते. सगळं ऐकून घेतलं, तोंड धुतलं आणि मला विचारलं, आत्ता आत किती जण आहेत? पंडित, तुलाही ते आठवलं नाही ना? मीही विसरले होते. मेलेल्या माणसाचंच दुःख करत बसलो आपण. आणखी चार माणसं त्याच ‘आणि’वर आत होती, त्यांत ते काठीवाले आजोबा. मी म्हटलं, चार. ते म्हणाले, मग आज रजा टाकून चालणार नाही.

निवेदन त्यांनी मला सांगून लिहून घेतलं. ‘माझी दृष्टी अधू असून ही गोष्ट मी खात्यापासून लपवली’, या वाक्याने सुरुवात. माझं नाव कुठेच घेतलं नाही. मी खाली माझं वेगळं लिहिलं, त्यांना न दाखवता. दाखवलं असतं तरी वाचता आलं नसतं, हा आता त्यातला एकच फायदा. अधीक्षकांनी दोन्ही कागद वाचले आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील? म्हणाले, तेरा दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं? अण्णाकाका म्हणाले, साहेब, थांबून झालंय.

मंत्रालयाला शुद्धिपत्र नकोच होतं. कणखरपणा गेला असता ना. पण लेखी कबुली आली, वकिलाच्या हाती गेली, मग काढावं लागलं. बावीसला छापलं. तेवीसला चौघं सुटले. अण्णाकाकांना हारबीर काही नाही. चौकशी सुरू आहे, पेन्शन तूर्त थांबवलीय. तीस तारखेला नेहमीच्या वेळी त्यांनी आपला डबा धुतला, छत्री घेतली आणि घरी आले. तू येशील तेव्हा त्यांना धीर वगैरे देऊ नकोस, ते त्यांना आवडणार नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा.

तुझ्या ड्रेकोच्या त्या शेवटच्या कायद्याबद्दल. अण्णाकाकांना तो लागू होतो, मला होत नाही. चुकून झालं ते डिसेंबरात. फेब्रुवारीपासून मी जाणूनबुजून थांबले होते. तू प्रेमाने लिहिलंस ते कळलं, पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवू.

मला प्रूफवाचनातून काढलंय. पुढचा निर्णय होईपर्यंत विक्रीच्या खिडकीवर बसवलंय, जुनी राजपत्रं हवी असणाऱ्यांना शोधून द्यायची. काल दुपारी तिथे एक बाई आल्या. हातात चिठ्ठी होती, तिच्यावर शुद्धिपत्राचा क्रमांक. वकिलाने पाठवलं म्हणाल्या. मी प्रत दिली. त्यांनी उभ्याउभ्याच वाचली, मग उलटून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं.

“यात बदललंय काय? मला सापडत नाही,” त्या म्हणाल्या.

मी पेन्सिलीने दोन शब्दांखाली रेघा मारून दिल्या.

“एवढंच?”

“एवढंच.”

“हे आधीच असं असतं तर?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, या कोण ते. मी सांगितलं, न्यायाधीशांना दोन्हीतलं एक निवडता आलं असतं, दंड भरून ते त्याच दिवशी घरी आले असते. त्यांनी विचारलं, चूक कोणाची? मी म्हटलं, माझी. कळल्यानंतरही मी दोन महिने गप्प बसले, हेही सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर मला जरा बरं वाटलं असतं. त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडून त्या रेघा पाहिल्या, पुन्हा घडी घातली.

“दंडाचे पैसे आम्ही बरोबर आणले होते त्या दिवशी,” त्या म्हणाल्या. “पाचशे. यांच्या सदऱ्याच्या खिशात होते. तुरुंगातून कपडे परत दिले ना, तेव्हा तसेच होते.”

त्यांच्या मागे रांगेत तीन माणसं उभी होती. त्या बाजूला झाल्या, आणि मी पुढच्याला विचारलं, काय हवंय.

ताई